स्वतः लिहिलेल्या कोडवर दुसऱ्याचं पेटंट कसं काय लागू होतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कोडची एकही ओळ कुठून उचललेली नसताना कुणीतरी पेटंट पुढे करून पैसे कसे मागू शकतो, हा पहिला. आणि कॉपीराइट आपोआप मिळतोच, तर सॉफ्टवेअरला पेटंट हवंच कशाला, पण ते नसलं तर मोठी कंपनी आमची कल्पना उचलून नेणार नाही का, हा दुसरा. मी बरीच वर्षं प्रोग्रामर होतो. गेली अकरा वर्षं वकिलांच्या बरोबरीने बसून पेटंटचे क्लेम वाचतो आणि त्यांच्या आधीचे पुरावे शोधतो. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे तुमच्या एखाद्या विशिष्ट प्रकरणावर हा सल्ला समजू नका. पण या वादात नेमकं काय अडकलं आहे ते मी जवळून पाहिलं आहे, आणि ते नीट सांगितलं जात नाही याचा मला त्रास होतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. तुम्ही नक्कल केली का, हे कॉपीराइटचा कायदा विचारतो. पेटंटचा कायदा ते विचारतच नाही. दोन माणसांनी एकमेकांचं काही न वाचता योगायोगाने सारखाच मजकूर लिहिला, तर कॉपीराइटमध्ये दोघेही निर्दोष. पेटंटमध्ये मात्र तुम्ही ते पेटंट पाहिलं नव्हतं, त्या कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं, हे सिद्ध करूनही सुटका होत नाही. अमेरिकेत 2011 च्या सुधारणेनंतर एक अपवाद रुंदावला: पेटंटच्या अर्जाच्या किमान एक वर्ष आधीपासून तुम्ही ती पद्धत व्यवसायात वापरत असाल तर बचाव मिळतो. पण अर्जानंतर स्वतःच्या डोक्याने तीच गोष्ट सुचली असेल तर काही उपयोग नाही. सॉफ्टवेअर पेटंटवरचा जवळजवळ सगळा वाद मला या एका गोष्टीपाशी येऊन थांबलेला दिसतो.

कारण आपल्या धंद्यात एकच गोष्ट अनेकांना सुचणं हा नियम आहे, अपवाद नव्हे. एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे माहिती कमी जागेत बसवण्याच्या, पद्धतीचं उदाहरण घ्या. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी 1978 मध्ये मूळ पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सुधारणा करून टेरी वेल्च यांनी 20 जून 1983 रोजी पेटंटसाठी अर्ज केला, आणि ते पेटंट पुढे युनिसिस या कंपनीकडे गेलं. पण त्याच्या तीन आठवडे आधी, 1 जूनला, आयबीएमच्या दोन संशोधकांनीही जवळपास त्याच पद्धतीसाठी अर्ज केला होता. पेटंट कार्यालयाने दोन्ही मंजूर केले. एकच अल्गोरिदम, दोन मालक! ज्या तपासनिसांचं कामच नवं काय आणि जुनं काय हे ओळखणं, त्यांनाही दोन अर्जांत लिहिलेली गोष्ट एकच आहे हे कळलं नाही. मग रात्री अकरा वाजता बग सोडवणाऱ्या प्रोग्रामरने ते ओळखावं अशी अपेक्षा कशी करायची?

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. वेल्च यांचा लेख 1984 मध्ये एका नियतकालिकात आला. तो वाचून लोकांनी ही पद्धत मोकळेपणाने वापरली, आणि 1987 मध्ये कॉम्प्युसर्व्हने तिच्यावर जीआयएफ हा चित्रांचा फॉरमॅट उभारला. सात वर्षं तो सगळीकडे पसरल्यावर, 1994 च्या डिसेंबरअखेर, जीआयएफ तयार करणाऱ्या प्रोग्रामना लायसन्स लागेल असं जाहीर झालं. काही आठवड्यांतच प्रोग्रामरांनी एकत्र येऊन नव्या फॉरमॅटचं काम सुरू केलं, आणि ऑक्टोबर 1996 मध्ये पीएनजीचा मसुदा पक्का झाला. पीएनजी जीआयएफपेक्षा सरस निघाला हे खरं. त्यावरून ‘बघा, पेटंटमुळेच नवं काही घडलं’ असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रस्ता बंद केल्यामुळे लोकांनी दुसरा बांधला, याचं श्रेय रस्ता बंद करणाऱ्याला देता येत नाही.

आता क्लेम म्हणजे काय ते जवळून पाहू, कारण क्लेम वाचायला आल्याशिवाय या वादातलं काहीच हाती लागत नाही. पेटंटच्या कागदपत्रांत वर्णन असतं, आकृत्या असतात, आणि शेवटी क्रमांक घातलेली काही लांबलचक वाक्यं असतात. ती वाक्यं म्हणजे क्लेम. हक्काची हद्द तीच ठरवतात. बाकी सगळं त्यांचा अर्थ लावण्यापुरतं. अॅमेझॉनचं एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट सप्टेंबर 1999 मध्ये मंजूर झालं. त्याचा पहिला क्लेम मराठीत सांगायचा तर असा: ग्राहकाच्या यंत्रावर वस्तूची माहिती दाखवायची, केवळ एका कृतीने, वस्तू मागवल्याची विनंती आणि ग्राहकाची ओळख सर्व्हरकडे पाठवायची, सर्व्हरने ती घ्यायची, त्या ओळखीवरून आधी साठवलेली माहिती काढायची, ऑर्डर तयार करायची आणि पूर्ण करायची, आणि हे सगळं शॉपिंग कार्ट न वापरता.

हे वाचून तुमच्या मनात काय आलं? डेटाबेसची रचना कशी, सेशन कसं सांभाळलं, एकच ऑर्डर दोनदा जाऊ नये म्हणून काय केलं, यातलं क्लेममध्ये काहीच नाही. प्रोग्रामरला घाम फोडणारे सगळे प्रश्न हद्दीच्या बाहेर आहेत आणि परिणाम तेवढा हद्दीच्या आत आहे. म्हणजे तो परिणाम तुम्ही कुठल्याही भाषेत, कुठल्याही रचनेने साधला तरी तुम्ही आत आलातच. यंत्राच्या पेटंटमध्ये सहसा अमुक दांडा अमुक चाकाला असा जोडला आहे, असं लिहावं लागतं. तोच परिणाम वेगळ्या जोडणीने साधणारा मोकळा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘काय’ लिहून ‘कसं’ गाळता येतं, आणि तिथेच हद्द भलतीच फुगते. पेटंट मंजूर झाल्यावर महिन्याभरात बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर खटला झाला आणि डिसेंबरमध्ये, ऐन सणाच्या विक्रीत, कोर्टाने मनाई हुकूमही दिला. 2001 मध्ये वरच्या कोर्टाने पेटंटच्या वैधतेवरच गंभीर शंका घेऊन तो उठवला, पण पेटंट टिकलं. फेरतपासणीत थोडं आखडलं आणि 2017 मध्ये मुदत संपेपर्यंत जगलं.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. सहा जणांच्या एका गटाला पत्र आलं. फॉर्म भरताना जोडणी तुटली तर माहिती यंत्रावरच ठेवायची आणि जोडणी परत आली की पाठवायची, अशी सोय त्यांच्या अॅपमध्ये होती. पत्रासोबत क्लेम चार्ट होता: डाव्या रकान्यात क्लेमचे सात तुकडे, उजव्या रकान्यात प्रत्येक तुकड्यापुढे त्यांच्याच अॅपचा स्क्रीनशॉट. हा तक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण आपलंच काम आपल्याविरुद्ध साक्ष देतंय असं दिसतं. मी तीन आठवडे जुनी मॅन्युअल्स, रिलीज नोट्स, संग्रहातले टेप चाळले. अर्जापेक्षा नऊ वर्षं जुन्या एका मॅन्युअलमध्ये सातपैकी सहा तुकडे सापडले, तारखेसकट छापलेले. सातवा तुकडा, म्हणजे माहिती पोचल्याची वेळ वापरणाऱ्याला दाखवणं, तिथे नव्हता. ते कुणालाही सहज सुचलं असतं, पण ‘सहज सुचलं असतं’ हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि अमेरिकेत अशा खटल्याचा खर्च लाखो डॉलरांत जातो. पत्र पाठवणाऱ्याने मागितलेली रक्कम त्याच्या कितीतरी खाली, विचारपूर्वक बेतलेली होती. त्या गटाने पैसे भरले. पुरावा हातात असताना भरले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

2012 पासून अमेरिकेत पेटंट कार्यालयातच वैधतेला आव्हान देण्याची तुलनेने स्वस्त वाट उघडली आहे. तीही इतकी स्वस्त नाही की सहा जणांच्या गटाने डोळे झाकून ती धरावी.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. पेटंटचा करार असा सांगितला जातो: शोध जगाला उघड करून सांगा, त्या बदल्यात 20 वर्षं एकाधिकार घ्या. म्हणजे इतरांनी ते वाचून शिकावं. पण अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून उल्लंघन केल्याचं ठरलं तर भरपाई तीनपटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून अनेक कंपन्यांचे वकील इंजिनिअरना बजावून सांगतात की दुसऱ्यांची पेटंटं वाचूच नका. मीही अशा सूचना ऐकल्या आहेत. ज्यांनी शिकायचं त्यांनीच वाचायचं नाही, तर जगाला त्या उघड करण्याच्या बदल्यात मिळतं काय?

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. पेटंटच्या बाजूने सर्वांत जोरकस दाखला आरएसएचा दिला जातो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची 1977 ची ही गूढलेखनाची पद्धत खऱ्या अर्थाने अवघड संशोधन होतं. तिला एका क्लिकच्या ओळीत बसवणं अन्याय होईल. 1983 मध्ये अमेरिकेत तिला पेटंट मिळालं आणि सप्टेंबर 2000 मध्ये ते संपलं. अर्जाआधीच पद्धत प्रसिद्ध झाल्यामुळे अमेरिकेबाहेर ते मिळालंच नाही, तरी बाहेर तिचा वापर थांबला नाही. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती 1997 मध्ये उघड झालेली गोष्ट: ब्रिटिश गुप्तचर संस्थेतल्या क्लिफर्ड कॉक्स यांना हीच पद्धत 1973 मध्ये सुचली होती आणि ती गुप्त ठेवली गेली होती. म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत दुर्मिळ म्हणावा असा शोधही चार वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी लागला.

दुसरा दाखला 1981 च्या डायमंड विरुद्ध डिअर खटल्याचा. रबर साच्यात शिजवताना आतलं तापमान सतत मोजायचं, प्रत्येक वेळी सूत्राने वेळ नव्याने काढायची आणि नेमक्या क्षणी साचा उघडायचा, अशी ती पद्धत होती. सूत्र जुनं, हिशोब कॉम्प्युटरचा, पण बाहेर पडणारं रबर खरोखर चांगलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती पेटंटयोग्य ठरवली. मला तो निकाल बरोबर वाटतो. तेच काम सर्किटने केलं तर पेटंट आणि कोडने केलं तर नाही, याला अर्थ नाही. ‘सॉफ्टवेअरला पेटंट नको’ एवढीच घोषणा देणारे माझे मित्र इथे अडखळतात, आणि त्यांनी अडखळायलाच हवं. हद्द कोड आहे की नाही यावर काढता येत नाही. पद्धत जगात काही बदलते का आणि ती ‘कशी’ हे सांगते का, यावर काढावी लागते.

हीच हद्द शब्दांत पकडण्याची धडपड सगळीकडे चालली आहे. अमेरिकेत 1998 च्या स्टेट स्ट्रीट निकालाने व्यवसायाच्या पद्धतींना दार सताड उघडलं. जून 2014 च्या अॅलिस निकालाने बरंचसं लोटून घेतलं, कारण अमूर्त कल्पना ‘कॉम्प्युटरवर करा’ असं म्हटल्याने शोध होत नाही असं सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणालं. युरोपच्या 1973 च्या करारात कॉम्प्युटर प्रोग्राम ‘प्रोग्राम म्हणून’ वगळलेले आहेत. तिथे नियम बदलू पाहणारा निर्देश युरोपीय संसदेने 6 जुलै 2005 रोजी 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम 3(k) गणिती पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम वगळतं. 2004 च्या अखेरीच्या वटहुकमाने ते सैल केलं होतं. 2005 मध्ये संसदेने ती सैलाई काढून टाकली. मग तपासणीच्या मार्गदर्शक सूचना 2015, 2016 आणि 2017 मध्ये अशा तीनदा निघाल्या, आणि 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात सांगितलं की तांत्रिक परिणाम असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये. ‘निव्वळ’ या एका शब्दावर वीस वर्षं वाद चालतो. शब्दांचा दोष त्यात कमी आहे. स्वतंत्रपणे सुचलेल्या गोष्टीला जागा न देता हद्द आखायची, तर ती कुठेही आखली तरी कुणाच्या तरी घरातून जाते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी 1994 मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाला पत्र लिहून कळवलं होतं की ते रोज वापरतात ते प्रोग्राम पेटंटच्या वातावरणात जन्मालाच आले नसते. बिल गेट्स यांच्या 1991 च्या अंतर्गत टिपणातही जुन्या कल्पनांवर तेव्हाच पेटंटं घेतली गेली असती तर हा उद्योग ठप्प झाला असता, असं निदान आहे. फरक एवढाच, की त्याच टिपणातला उपाय होता शक्य तितकी पेटंटं घेऊन मोठ्यांशी अदलाबदल करण्याचा. मोठ्यांसाठी तो उपाय चालतो. तुमच्याकडे अदलाबदलीला द्यायला काही नसतं.

कॉपीराइटकडे वळतो. तो निरुपद्रवी आहे असं समजू नका. त्याची मुदत पेटंटच्या कितीतरी पट असते, अमेरिकेत कंपनीच्या कामाला प्रकाशनापासून 95 वर्षं. म्हणून तो अभिव्यक्तीपुरताच, म्हणजे कल्पनेला नव्हे तर ती मांडणाऱ्या प्रत्यक्ष मजकुरापुरताच, राहणं अत्यावश्यक आहे. ओरॅकलने गूगलवर 2010 मध्ये केलेला खटला याच सीमेवर उभा होता. गूगलने अँड्रॉइडसाठी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या 37 पॅकेजेसची (तयार कोडच्या संचांची) नावं आणि रचना घेतली, म्हणजे कुठल्या कामाला कसं बोलवायचं ते सांगणाऱ्या सुमारे 11,500 ओळी, आणि आतलं काम स्वतः लिहिलं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो वापर न्याय्य ठरवला, पण इंटरफेसवर कॉपीराइट असतो का हा मूळ प्रश्न मात्र बाजूला ठेवला. मला ते अपुरं वाटलं. इंटरफेस म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांना कशी हाक मारतात त्याचा करार. त्यावर 95 वर्षं हक्क दिला तर पेटंटच्या परीक्षेतून न जाताच पेटंटहून मोठा एकाधिकार मिळतो. युरोपीय न्यायालयाने 2012 च्या एसएएस खटल्यात प्रोग्रामचं कार्य, प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटा फाइलचे फॉरमॅट अभिव्यक्ती म्हणून संरक्षित नाहीत असं सरळ म्हटलं. तो रस्ता जास्त स्वच्छ आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्येही दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यापुरती लागणारी माहिती मिळवायला मोकळीक आहे, जर ती अन्यथा सहज मिळत नसेल तर.

1984 मध्ये फिनिक्स कंपनीने आयबीएम पीसीच्या बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, पर्यायी आवृत्ती बनवली तेव्हा एका गटाने मूळ अभ्यासून काय काय व्हायला हवं ते लिहून काढलं आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्याने नवा कोड लिहिला. कॉपीराइटच्या खटल्यात ही भिंत तुम्हाला वाचवते. पेटंटच्या खटल्यात तीच भिंत कवडीमोलाची ठरते, कारण तिथे तुम्ही काय पाहिलं होतं हे कुणी विचारत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. मोठी कंपनी कल्पना उचलेल ही भीती खरी आहे. पण विचार करा, पेटंट मिळायला काही वर्षं जातात, मिळाल्यावर ते चालवायचा खर्च तुमचा, आणि समोरच्याकडे हजारो पेटंटं आहेत, ज्यांपैकी चार-दोन तुमच्या प्रॉडक्टवर बसतीलच. तुम्ही एक उपसलं की ती बाहेर येतात. तुमचं काम खरोखर सिग्नल प्रोसेसिंग, कॉम्प्रेशन किंवा यंत्रनियंत्रणातलं असेल आणि त्यातलं ‘कसं’ नवं असेल, तर चांगल्या पेटंट एजंटला जरूर भेटा, आणि कुठेही जाहीर करण्याआधी भेटा; बहुतेक देशांत आधी प्रसिद्ध केलं की हक्क जातो. पण फॉर्म, रांगा, सूचना, शिफारशी अशा गोष्टी असतील तर तेच पैसे प्रॉडक्टवर घाला.

आणि दुसऱ्या कुणी पेटंट घेऊन तुम्हालाच अडवू नये एवढीच काळजी असेल, तर तुमची पद्धत तारखेसह सार्वजनिक करा. डिझाइनचं टिपण लिहा, त्यात नुसता परिणाम न सांगता ‘कसं’ केलं ते सांगा, पर्यायी मार्गही लिहा, आणि ज्याची तारीख नंतर कुणी नाकारू शकणार नाही अशा संग्रहात ठेवा. कोड ओपन सोर्स करणार असाल तर अपाचे 2.0 या लायसन्सचा किंवा जीपीएल या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचा विचार करा. एमआयटीच्या लायसन्समध्ये पेटंटचा शब्दही नाही, तर अपाचेत योगदान देणारा त्या योगदानापुरता पेटंटचा हक्क देतो आणि त्याच सॉफ्टवेअरवरून पेटंटचा खटला भरणाऱ्याचा तो हक्क संपतो. मघाशी सांगितलेल्या त्या प्रसंगात सातवा तुकडा कुणीतरी, कधीतरी केलेला असणारच. लॉगिनच्या पानावर ‘शेवटची नोंद पोचली’ अशी वेळ दाखवणं किती जणांनी केलं असेल! पण त्यांच्यापैकी कुणी ते लिहून, तारीख घालून ठेवलेलं मला सापडलं नाही.